मध्यभागी गाळ

शाळेत परिसंस्थेचा धडा शिकलेल्या प्रत्येकाला तो त्रिकोण आठवत असेल. तळाशी गवत, त्यावर नाकतोडा, मग बेडूक, मग साप आणि टोकावर गरुड नाहीतर ससाणा. शेजारी वर जाणारा बाण आणि त्याला चिकटून एक वाक्य, की प्रत्येक पायरीला जेमतेम दहा टक्के ऊर्जा पुढे सरकते. त्रिकोणाच्या बाहेर, कोपऱ्यात, ‘विघटक’ नावाची एक चौकट. तिचा बाण काढायचा राहिला तर अर्धा गुण कापला जायचा, एवढीच तिची प्रतिष्ठा.

या सगळ्याचं मूळ म्हणून ज्या लेखनाचं नाव घेतलं जातं, तो रेमंड लिंडमन या अमेरिकी तरुणाचा एक शोधनिबंध आहे. ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकाच्या ऑक्टोबर १९४२ च्या अंकात तो आला. पानं अवघी एकोणीस. मथळा अगदी कोरडा, परिसरविज्ञानाची पोषण-गतिकीय बाजू, अशा धाटणीचा. संदर्भसूच्यांत हा निबंध सतत भेटतो. तो उघडून वाचलेला माणूस मात्र क्वचित भेटतो. मी तो वाचतो तो एखादी जुनी बंदिश पुन्हा लावावी तसा. आणि दर वेळी वाटतं, की या निबंधाचा जो सारांश शाळेत पोचला, त्यात त्याचा रस नेमका गळून गेला. दहा टक्क्यांचा नियम त्यात नाही. पिरॅमिड आहे, पण तो उसना, पनामाच्या वर्षावनातल्या जमिनीवरच्या किड्यामुंग्यांच्या मोजणीचा, दुसऱ्याच्या लेखातून घेतलेला. लिंडमनचं स्वतःचं जे चित्र आहे त्यात टोक नाहीच. त्याच्या मध्यभागी गाळ आहे.

आधी तळं पाहू. मिनिआपोलिसच्या उत्तरेला पन्नासेक किलोमीटरवर सीडर क्रीकचा दलदली मुलूख आहे. तिथलं सीडर बॉग लेक म्हणजे नावालाच लेक. पाणी मीटरभर खोल, त्याखाली शतकानुशतकं साचलेला मऊ, काळपट, भुसभुशीत थर. हिमयुगातल्या बर्फाने मागे ठेवलेल्या खड्ड्यात पाणी साठलं, त्यात वनस्पती वाढल्या, मेल्या, तळाशी बसल्या. काठावरून दलदल आत सरकत आली. तळ्याचं वय झालं की ते असंच बुजत जातं. लिंडमनने पीएच.डी.साठी निवडलं ते हे तळं. देखणं नाही, मोठं नाही, मासेमारीचं तर नाहीच.

पाच वर्षं तो या तळ्यावर होता आणि त्याची पत्नी एलिनॉर या कामात त्याच्याबरोबर होती. पाणी गाळून सूक्ष्म वनस्पती आणि प्राणी वेगळे काढायचे, पाणवनस्पती उपटून तोलायच्या, तळाचा गाळ चाळून त्यातल्या अळ्या, शिंपले, किडे मोजायचे. हिवाळ्यात वर बर्फाची लादी, तिच्यावर हिम; खाली उजेड पोचत नाही, झाडं प्राणवायू सोडत नाहीत, आणि गाळ मात्र कुजत राहून असलेला प्राणवायू खात राहतो. वसंत येईपर्यंत पाणी गुदमरलेलं. अशा पाण्यात कोण कसं तग धरतं यावरही त्याने प्रयोग करून वेगळा निबंध लिहिला. म्हणजे आपण ज्याचा निबंध वाचतो आहोत तो टेबलावर बसून पायऱ्या आखणारा माणूस नव्हता. त्याचे हात गाळात होते, आणि ते निबंधात दिसतं.

त्या गाळातल्या दोन रहिवाशांची ओळख करून घ्यायला हवी, कारण पुढच्या आकड्यांमागे तेच आहेत.

एक कायरोनोमस. डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माशीची अळी. मत्स्यालयवाले माशांना ‘ब्लडवर्म’ म्हणून घालतात ती हीच. लालभडक, कारण तिच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन. जिथे प्राणवायू जवळजवळ संपलेला असतो त्या चिखलात ती नळीसारखं घर करते, अंगाला हेलकावे देऊन त्यातून पाणी खेळवते आणि आजूबाजूला पडलेला कुजका माल खाते. तिला हिरवं पान लागत नाही. वरून जे गळून पडतं त्यावर तिचं पोट.

दुसरा कॅओबोरस. हीसुद्धा माशीचीच अळी, पण काचेची वाटावी इतकी पारदर्शक. डोळे आणि अंगातल्या हवेच्या पिशव्यांच्या दोन जोड्या, एवढंच काय ते दिसतं. दिवसा चिखलात दडी मारायची, रात्री वर पाण्यात यायचं. स्थिर तरंगत राहायचं आणि एखादा पाणपिसू जवळून गेला की तोंडापुढच्या मिशांनी झडप घालून धरायचा. ती शिकारी आहे, पण तिचा मुक्काम गाळात. त्रिकोणाच्या कुठल्या मजल्यावर तिला बसवायचं? वरच्या, हे खरं. मात्र तिचं बिछाना-पांघरूण तळमजल्याच्याही खाली.

निबंधाची सुरुवात मला विलक्षण वाटते. कुठलाही सावध अभ्यासक करील तसं तो आधीच्यांचा आढावा घेतो. कुणी फक्त प्राण्यांची यादी केली, कुणी वनस्पतींचे पट्टे आखले, कुणी सजीवांचा समाज एकीकडे आणि पाणी-माती-हवा दुसरीकडे अशी वाटणी केली. आणि मग तो एक मरत चाललेली पाणवनस्पती समोर ठेवतो. हळूहळू मरणारी. तिच्या देठापानांवर शेवाळाचा आणि सूक्ष्म जिवांचा थर. त्या थरातलेही काही जीव सारखे मरतायत. आता सांगा, यातलं सजीव कुठे संपलं आणि परिसर कुठे सुरू झाला?

प्रश्न एका वाक्यात येतो आणि निबंध पुढे जातो. पण मला दर वेळी तिथे थांबावंसं वाटतं. जिवंत आणि मेलेलं यांतली भिंत आपण किती गृहीत धरलेली असते! लिंडमन ती भिंत पाडतो, आणि पाडतो ती तत्त्वज्ञानासाठी नव्हे, हिशेबाच्या सोयीसाठी. मेलेल्या पानातली ऊर्जा काही मेलेली नसते. ती कुणाच्या तरी तोंडात जायची असते. म्हणून समाज आणि परिसर असे दोन ढीग न करता एकच व्यवस्था धरायची. इंग्लंडच्या आर्थर टॅन्स्ली यांनी १९३५ साली ही कल्पना मांडली होती. लिंडमनने ती तळ्यात उतरवून दाखवली.

यानंतर ते चित्र. छापील पानावर अगदी साधं, चौकटी आणि बाण. बाहेरून ऊन येतं, बाहेरून पाण्याबरोबर क्षार येतात. एका बाजूला तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, त्यांना खाणारे तरंगते प्राणी, त्यांना खाणारे शिकारी. दुसऱ्या बाजूला रुजलेल्या पाणवनस्पती, त्या कुरतडणारे, तळावरचे शिकारी. दोन्ही बाजू शेवटी पोहणाऱ्या मोठ्या शिकाऱ्यांपाशी मिळतात. इथवर सगळं ओळखीचं. पण या दोन वाटांच्या मधोमध, चित्राच्या पोटात, गाळ आणि जिवाणू. भोवतालच्या चौकटींतून बाण तिकडे वळतात. जो मेला तो तिकडे, खाऊन जे पचलं नाही ते तिकडे. आणि तिथून पुन्हा विरघळलेले क्षार वर, वनस्पतींकडे.

चित्रकलेत रचना म्हणतात ती ही. नजर कुठे खेचली जावी, हे मांडणी ठरवते. शाळेच्या त्रिकोणात नजर आपोआप टोकाला जाते, तिथे गरुड बसलेला असतो, आणि नकळत मनात ठसतं की हे सगळं त्याच्यासाठी चाललं आहे. लिंडमनच्या चित्रात मोठा शिकारी कडेला आहे. पंगतीत सर्वांत शेवटी आलेला. त्याला काढून टाकलं तरी चित्र उभं राहतं. गाळ काढला तर सगळे बाण हवेत लोंबकळतील. निबंधात हे कुठेही मोठ्याने सांगितलेलं नाही. काव्यशास्त्रातले लोक ज्याला ध्वनी म्हणायचे, न बोलता बोललेलं, ते शास्त्रीय आकृतीतही असू शकतं, हे मला या चित्राने शिकवलं.

पुढे चिन्हं येतात आणि बरेच वाचक इथे पळ काढतात. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. प्रत्येक पायरीला ग्रीक लॅम्डा आणि खाली क्रमांक. वनस्पती एक, त्यांना खाणारे दोन, त्यांना खाणारे तीन. ही खूण त्याचे येल विद्यापीठातले गुरू एव्हलिन हचिन्सन यांच्या अप्रकाशित टिपणांतली, आणि तो तसं मोकळेपणाने सांगतो. मला यात गंमत वाटते ती शून्याची. वनस्पतींना एक क्रमांक दिला, की त्यांच्या आधी शून्य येणार. ते शून्य म्हणजे सूर्यप्रकाश. सूर्य ही त्याच शिडीची पायरी, फक्त सर्वांत आधीची. पाणपिसू शेवाळ खातो आणि शेवाळ ऊन खातं, दोन्ही घटना एकाच व्याकरणात बसल्या.

समीकरणही एका ओळीचं. कुठल्याही पायरीतला बदल म्हणजे खालून आलेलं अधिक आणि निसटून गेलेलं उणे. निसटायच्या वाटा ठरलेल्या. श्वासातून उष्णता होऊन जाईल, कुणीतरी खाईल, किंवा कुजेल. श्वासातून गेलेली ऊर्जा परत येत नाही, ती वाट एकेरी. क्षार मात्र फिरतात. नत्र, स्फुरद गाळातून पानात आणि पानातून गाळात कितीही फेऱ्या मारतील. कॅलरी एकदाच वापरता येते. दहावीच्या मुलालाही हे पाठ असतं, पण १९४२ साली संबंध तळ्याचा जमाखर्च अशा रीतीने, पायरीपायरीने मांडून दाखवणं नवं होतं.

आता तक्ता. या निबंधाचं खरं वैभव माझ्या मते या तक्त्यात आहे, आणि त्याच्या खोटीही इथेच आहेत.

हिशेबाचं एकक आहे एका चौरस सेंटिमीटरवर, एका वर्षात, किती कॅलरी. म्हणजे करंगळीच्या नखाएवढी जागा धरा. त्या जागेवर वर्षभरात पडणारं ऊन ११८,८७२ कॅलरी. आपण आहाराच्या गप्पांत ज्याला कॅलरी म्हणतो ती हजारपट मोठी; तेव्हा नखाएवढ्या तळ्यावर वर्षभर कोसळणारं सगळं ऊन म्हणजे एका मध्यम पोळीहून थोडं जास्त. पहिल्यांदा हे गणित केलं तेव्हा मी चपापलो होतो. वर्षभराचं ऊन आणि एक पोळी!

त्यातलं तळ्यातल्या वनस्पतींनी धरलं किती? १११.३ कॅलरी. हजारात एक भागही नाही, ०.१० टक्का. उरलेलं ऊन परत फेकलं गेलं, पाणी तापवण्यात गेलं, वाफेबरोबर उडालं. शाळेच्या त्रिकोणात सर्वांत रुंद, हिरवागार दाखवलेला जो तळ असतो, तो सूर्याच्या दृष्टीने हा असा, पोळीचा एक कण.

वनस्पती खाणाऱ्यांच्या वाट्याला १४.८. हे झाले १३.३ टक्के. त्यांना खाणाऱ्यांच्या वाट्याला ३.१. तक्त्यात याची टक्केवारी २२.३ छापली आहे. भागाकार करून पाहिला तर एकवीसच्या आतबाहेर येते. असली बारीक चूक मला या निबंधाच्या अंगावरच्या तिळासारखी आवडते. कुठेही दहा नाही, हे पाहा. तेरा आहे, बावीस आहे. आणि या तळ्याची शिडी तिथेच संपते, चौथी पायरी तक्त्यात नाही. ११८,८७२ पासून ३.१ पर्यंत, म्हणजे अडतीस हजार कॅलरींमागे एक. पारदर्शक कॅओबोरस रात्री पाणपिसूवर झडप घालतो तेव्हा त्या झडपेमागे एवढा मोठा खर्च उभा असतो.

टक्केवारीहून मला श्वासाचा रकाना अधिक वाचनीय वाटतो. वनस्पती शंभर कॅलरींची वाढ करतात तेव्हा श्वासात ३३ खर्चतात. त्यांना खाणारे ६२. शिकारी १४०. म्हणजे शिकारी अंगाला जेवढं लावून घेतो त्याच्या जवळजवळ दीडपट तो जगण्याच्या खटाटोपात उधळून बसलेला असतो. पाठलाग, झडप, चुकलेली झडप, पुन्हा पाठलाग. तो जितका वर तितका त्याचा घरखर्च मोठा. यावर लिंडमनचं म्हणणं असं, की ही उधळपट्टी नुसती तोट्याची नाही. जो जास्त हिंडतो त्याला भक्ष्य भेटायची शक्यता जास्त, म्हणून वरच्या पायरीवरचे प्राणी खालच्या पायरीवरचं अन्न अधिक नेटाने वेचतात. आणि म्हणून वर जाताना टक्केवारी वाढत जाते, ०.१०, मग १३.३, मग २२.३.

युक्तिवाद ऐकायला गोड आहे. पण त्याच तक्त्यात दुसरं तळं आहे, विस्कॉन्सिनचं मेंडोटा, आणि ते काही या सुरात गात नाही. तिथले आकडे ०.४०, ८.७, ५.५, १३.०. मधेच उतरलेत. दोन तळी, त्यातलं एक आज्ञाधारक आणि एक नाही. एवढ्यावर निसर्गाचा सर्वसाधारण कल सांगायचा म्हणजे सव्विशीतलं धाडस. नंतरच्या अभ्यासकांनी हा चढता क्रम फारसा मनावर घेतला नाही, आणि योग्यच केलं. त्याऐवजी, पायरीपायरीला थोडंच पुढे जातं आणि ते ढोबळमानाने दहाच्या आसपास असतं, एवढं गोळीबंद वाक्य उरलं. आकड्यांचा खडबडीतपणा घासून गुळगुळीत करणं पाठ्यपुस्तकाचा धर्मच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र ज्याला मूळ चव घ्यायची आहे त्याने ८.७ नंतर ५.५ का आलं असेल यावर थोडा वेळ घालवावा. तिथे तळं बोलतं.

मेंडोटाचे आकडे आले कुठून, ही कथा तर नाटकात शोभावी अशी. ते चान्सी ज्यूडे या नामांकित सरोवरतज्ज्ञाने वर्षानुवर्षं खपून जमवले होते आणि १९४० साली प्रसिद्ध केले होते. लिंडमनचा निबंध परीक्षणासाठी गेला दोघांकडे, त्यातले एक हेच ज्यूडे, दुसरे पॉल वेल्च. दोघांनीही तो नाकारावा असं कळवलं. ज्यूडेंचं म्हणणं साधारण असं, की तळी मोठी हट्टी असतात, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, गणिताच्या साच्यात ती बसायला तयार होत नाहीत. आणि या लेखात प्रत्यक्ष पाहिलेल्या तळ्यांपेक्षा कल्पनेतली तळीच फार. आयुष्य तळ्यांवर काढलेल्या माणसाचा हा आक्षेप मला तिरस्कारणीय वाटत नाही. उलट मेंडोटाचा तो ५.५ ज्यूडेंच्याच बाजूने साक्ष देतो. हचिन्सन यांनी मात्र संपादक टॉमस पार्क यांना सविस्तर पत्र लिहून निबंधाची बाजू मांडली. त्यांचं म्हणणं, नुसती माहिती साठवत राहून कुठलंच शास्त्र पुढे जात नाही. लिंडमनने लेखात दुरुस्त्या केल्या आणि पार्क यांनी दोन्ही परीक्षकांचा सल्ला बाजूला ठेवून तो स्वीकारला. खरं-खोटं काळ ठरवील, अशा भावनेने. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असलेली भांडणं वाङ्मयातही फार थोडी होतात.

माझी स्वतःची तक्रार वेगळी आहे. चित्राला जे कळलं आहे ते तक्त्याला कळलेलं नाही. चित्रात गाळ मध्यभागी. तक्त्यात गाळातल्या जिवाणूंना स्वतःची ओळसुद्धा नाही. ‘विघटन’ असा एक रकाना आहे खरा, पण त्यात २.८ आणि ०.३ असे चिल्लर आकडे, खाल्लेल्यातल्या न पचलेल्या भागाचे. आता १११.३ ची फोड पाहा. वनस्पतींच्या श्वासात गेले २३.४. खाल्ले गेले १४.८. न पचलेले २.८. उरले सत्तरच्या वर, आणि ते कुणीच खाल्लेले नाहीत. जगून, वाढून, न खाल्लं जाता मेलेली वनस्पती. तिचं काय झालं? ती खाली बसली. जमवलेल्या ऊर्जेचा सर्वांत मोठा हिस्सा ना पाणपिसूकडे गेला ना कॅओबोरसकडे. तो गाळाकडे गेला. काही जिवाणूंनी आणि कायरोनोमसने फस्त केला असेल, राहिलेला थरावर थर चढत गेला, आणि त्या थरानेच तळं बुजत आणलं. म्हणजे ज्या प्रश्नाकडे लिंडमन पुढे वळतो, तळं म्हातारं का होतं, त्याचं उत्तर त्याच्या तक्त्यातल्या या न खाल्लेल्या रकमेत बसलेलं आहे. निबंधाचा उत्तरार्ध तळ्याच्या वयावर, त्याची दलदल आणि दलदलीचं रान होण्यावर आहे. तिथे तो वक्ररेषा काढतो, अंदाज बांधतो. हा भाग मला थोडा पातळ वाटतो. कदाचित आधीचा तक्ता इतका दाट असल्यामुळे असेल.

गाळाची ही बाजू पुढे इतरांनी मोजली. जॉर्जियाच्या खाऱ्या दलदलीत जॉन टील यांनी १९६२ साली दाखवलं की तिथलं बहुतेक गवत कुणी चरत नाही. ते कुजतं, आणि कुजल्यावर त्यावर प्राणी जगतात. फ्लोरिडात विल्यम ओडम आणि एरिक हील्ड यांनी खारफुटीच्या पानांची अशीच कहाणी उलगडली. ताज्या पानात टॅनिन, ते फारसं कुणाला रुचत नाही. पान गळून पाण्यात पडलं, त्यावर बुरशी आणि जिवाणू चढले, की जसजसं ते कुजतं तसतसं त्यातल्या प्रथिनांचं प्रमाण वाढतं. मूळ पानापेक्षा कुजकं पान जास्त पौष्टिक! पानाचा चुरा कोळंबीच्या, खेकड्याच्या तोंडात जातो. चावून झाला, पचला-न पचला, बाहेर पडला, की त्यावर पुन्हा जिवाणू चढतात आणि पुन्हा कुणीतरी तो खातं.

हे वाचून झाल्यावर आपल्या खाडीकडे पाहायची नजर बदलते. रायगडातल्या कुणाही खवय्याला विचारा, जिताड्याचं नाव निघताच त्याचा चेहरा उजळतो. जिताडा खाडीतला मोठा शिकारी, त्रिकोणाच्या भाषेत टोकावरचा. तो खातो कोळंबी आणि लहानसहान मासे. कोळंबी, बोय, चिंबोऱ्या यांचं बरंचसं पोट चालतं तिवरांखालच्या चिखलावर, म्हणजे कुजणाऱ्या पानांवर आणि त्यावर वाढणाऱ्या जिवाणूंवर. ओहोटीला त्या चिखलावरून नेवटे टुणटुण उड्या मारत असतात, आणि रस्त्यावरून जाणारी गाडी नाकाला रुमाल लावून काच वर करते. वास येतो तो त्या स्वयंपाकाचाच. खाजणात भराव घालताना ‘पडीक चिखल’ म्हणून जे बुजवलं जातं, ते लिंडमनच्या चित्राच्या मध्यभागचं चौकोनी घर असतं, आणि मग पाच-सात वर्षांनी बाजारात जिताडा महागला म्हणून सगळे हळहळतात.

निबंधाच्या शेवटी एक छोटी पुरवणी आहे, हचिन्सन यांनी जोडलेली. लिंडमन बराच काळ यकृताच्या दुखण्याने आजारी होता. निबंध छपाईत असतानाच, २९ जून १९४२ रोजी तो गेला, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षात. हचिन्सन लिहितात ते भरून येऊन, पण भाषेवरचा ताबा न सोडता. एका माणसाच्या आयुष्यात दोन-चार जागांपलीकडे सखोल अभ्यास होत नाही आणि आपण पुन्हा तळ्यावर जाऊ की नाही याचीही खात्री नाही, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून आपल्या विचाराची रीत दुसऱ्यांच्या हाती द्यायची त्याला घाई होती, असा त्या पुरवणीचा आशय. मरणारं तळं आणि त्याचा मरणासन्न अभ्यासक, अशी जुळणी करायचा मोह प्रत्येक लेखकाला होतो. मला ती पटत नाही. निबंधात कुठेही आजाऱ्याचा स्वर नाही. आहे ती घाई, आणि घाईतून आलेला थोडा उतावळेपणा, जो त्या चढत्या टक्केवारीच्या दाव्यात दिसतो. परीक्षकांचं ऐकून तो थांबला असता तर आकडे अधिक पक्के झाले असते. फक्त ते मांडायला लेखक उरला नसता.

  

ज्याला हा निबंध मुळातून वाचायचा असेल त्याच्यासाठी थोडं वाटाड्याचं काम. पहिल्या पानापासून सरळ वाचायला बसू नका, आधीच्या अभ्यासकांच्या नावांत दम लागेल. आधी मरत्या पाणवनस्पतीचं ते वाक्य शोधा, ते सुरुवातीच्या भागातच आहे. मग चित्राचं पान उघडा आणि बोटाने एकेक बाण चालून पाहा. कुठूनही निघालात तरी फार चौकटी न ओलांडता मध्यभागी येऊन पोचता. त्यानंतर तक्ता, हाताशी कागद-पेन्सिल घेऊन, बेरजा आपल्या आपण करत. समीकरणं वगळली तरी चालतील. पुरवणी शेवटी वाचा, आधी वाचलीत तर पुढच्या सगळ्या आकड्यांवर तिची सावली पडते. आणि मेंडोटाच्या ओळीपाशी पोचलात, की ज्यूडेंना मनातल्या मनात एक नमस्कार करायला हरकत नाही. ते आकडे त्यांचे आहेत.